तीस किलोमीटरनंतर पोटरीत गोळा, दर शर्यतीत: कारण कसं शोधायचं आणि काय बदलायचं

तक्रार साधारण एकाच साच्यातली असते. पंचविसाव्या किलोमीटरपर्यंत सगळं झकास. अठ्ठाविसाव्याला पोटरीत आतल्या आत काहीतरी वळवळतं, तिसाव्याच्या पुढे मागे गोळा येतो. थांबून पाय ताणला की सुटतो, दोन-तीनशे मीटर धावलं की परत. मुंबई मॅरेथॉनला हे बहुतेकांना परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढावर, म्हणजे पस्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास गाठतं. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरच्या घाटातून उतरताना पोटरीऐवजी मांडीत येतं. आणि पुढचं वाक्य ठरलेलं: "मागच्या वर्षी मीठ कमी पडलं असेल म्हणून या वर्षी सॉल्टच्या गोळ्या घेतल्या, केळी खाल्ली, महिनाभर मॅग्नेशियमही घेतलं. तरी तेच."

हे लेखन त्यांच्यासाठी, ज्यांना हा त्रास दोन-तीन शर्यतींत झालाय आणि दर वेळी साधारण त्याच टप्प्यावर झालाय. पहिलीच मॅरेथॉन होती आणि एकदाच गोळा आला, तर फार खोलात जाऊ नका. पहिल्या मॅरेथॉनमध्ये ते चालायचंच.

गोळा आला त्या क्षणी

थांबा. रेटून धावू नका. आकसलेल्या स्नायूवर जोर दिला तर तंतू फाटतात, आणि मग पाच मिनिटांच्या त्रासाचे तीन आठवडे होतात.

पोटरीत असेल तर कठड्याला किंवा झाडाला दोन्ही हात टेका, दुखरा पाय मागे, टाच जमिनीला घट्ट, गुडघा सरळ. हळूहळू पुढे झुका आणि तसेच राहा. झटके देऊ नका. तीस सेकंद, लागलं तर मिनिटभर. मांडीच्या मागच्या बाजूला असेल तर टाच दुभाजकावर ठेवून कमरेतून वाका. पुढच्या मांडीत असेल तर उभ्यानेच घोटा धरून टाच पार्श्वभागाकडे ओढा, तोल जाईल म्हणून एक हात कुणाच्या तरी खांद्यावर. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक यासाठी नेहमी तयार असतात.

ताणल्यावर गोळा सुटतो याचं कारण साधं आहे आणि पुढच्या सगळ्या चर्चेची किल्लीही तिथेच आहे. स्नायूच्या आत ताण ओळखणारी एक यंत्रणा असते, ती मज्जारज्जूला "आकुंचन पाव" असा निरोप पाठवते. स्नायू जिथे हाडाला जोडला जातो त्या कंडरेत दुसरी यंत्रणा असते, ती "सैल हो" म्हणते. थकलेल्या स्नायूत पहिलीचा आवाज वाढतो, दुसरीचा घटतो. तुम्ही पाय ताणता तेव्हा कंडरेवर ओढ बसते आणि दुसरीला पुन्हा कंठ फुटतो. यात मिठाचा एक कणही शरीरात गेलेला नसतो, तरी गोळा सुटतो.

सुटल्यावर लगेच आधीच्या वेगाला जाऊ नका. दोन-तीन मिनिटं चाला, मग किलोमीटरमागे निदान तीस-चाळीस सेकंद हळू धावा, पावलं छोटी ठेवा. त्या दिवशीचं ठरवलेलं टायमिंग गेलं हे मान्य करणं सगळ्यात अवघड. पण जे मान्य करत नाहीत ते शेवटचे सात किलोमीटर चालत येतात.

स्प्रेबद्दल: स्वयंसेवक फवारतात तो थंड स्प्रे त्वचा गार करतो, बरं वाटतं. आकुंचन पावलेल्या स्नायूचं तो काही करत नाही. मारून घ्या, पण ताणणं सोडू नका.

आणि लोणच्याचा खार. परदेशी धावपटू पिशवीत खार घेऊन फिरतात हे तुम्ही पाहिलं असेल. २०१० साली अमेरिकेत केव्हिन मिलर आणि सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला. विजेचे झटके देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणला, मग कधी खार तर कधी पाणी दिलं. खार प्यायल्यावर गोळा पाण्यापेक्षा साधारण ३७ टक्के लवकर सुटला. गंमत अशी की इतक्या थोड्या वेळात खारातलं मीठ रक्तात पोचूच शकत नाही, आणि रक्तात क्षारांचं प्रमाण बदललेलंही नव्हतं. म्हणजे परिणाम घशातून झाला: आंबट-खारट चवीचा झणका लागला आणि मज्जातंतूंच्या पातळीवर स्नायूला येणारे निरोप मंदावले. तो खार काकडीच्या व्हिनेगरमधल्या लोणच्याचा होता. तेल-मोहरीवाल्या कैरीच्या लोणच्याचा चमचा तिसाव्या किलोमीटरला तोंडात टाकलात तर पोटाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मिठाची गोष्ट कुठून आली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळशाच्या खाणीत आणि जहाजांच्या भट्ट्यांपुढे राबणाऱ्या कामगारांना भयंकर पेटके यायचे. ते घामाच्या धारांत काम करायचे आणि नुसतं पाणी ढोसायचे. पाण्यात मीठ घातलं की पेटके कमी व्हायचे. हे निरीक्षण खरं होतं, आजही खरं आहे. मे महिन्यात उन्हात आठ तास काम करणाऱ्या माणसाला ते लागू पडतं. अडचण इतकीच, की तेच उत्तर मॅरेथॉनच्या पोटरीला जसंच्या तसं चिकटवलं गेलं.

दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली वेगळा विचार मांडला: गोळ्याचं मूळ मज्जातंतू आणि थकलेला स्नायू यांच्यातल्या बिघडलेल्या संवादात आहे. नंतर केपटाउनच्या टू ओशन्स या ५६ किलोमीटरच्या शर्यतीत त्यांच्या गटाने गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंचं रक्त तपासलं. सोडियम, पोटॅशियम, शरीरातलं पाणी यांत गोळ्याचं कारण ठरावं असा फरक सापडला नाही. आयर्नमॅन ट्रायथलॉनच्या स्पर्धकांवरही असाच अभ्यास झाला, २०११ साली प्रसिद्ध झाला. गोळे आले ते आधीही गोळ्यांचा त्रास असलेल्यांना आणि जास्त वेगाने गेलेल्यांना.

विचार करा, मीठ सगळ्या शरीरातून कमी होतं. मग गोळा नेमका पोटरीतच का? हाताला का नाही, गालाला का नाही? जो स्नायू चार तास राबतोय, त्यालाच येतो.

याचा अर्थ मीठ-पाणी बिनकामाचं असा नाही. काही जणांना ते खरंच कारणीभूत असतं, त्याचं पुढे बघू. पण क्रम बदला. आधी वेग, मग पायांची ताकद, मग इंधन, आणि शेवटी मीठ. बहुतेक जण नेमके उलट्या टोकाने सुरू करतात, कारण गोळी विकत मिळते आणि जिना चढायला कंटाळा येतो.

आधी तुमचा गोळा ओळखा

मागच्या दोन-तीन शर्यती आठवा, घड्याळातला डेटा उघडा आणि हे प्रश्न स्वतःला विचारा.

किती वाजता नव्हे, कितव्या किलोमीटरला आला? त्याआधीच्या दहा किलोमीटरचा वेग काय होता, आणि त्या महिन्यांतल्या लाँग रनचा, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब सरावाचा, काय होता? चढावर आला की उतारावर, की शेवटच्या वळणानंतर जोर लावला तेव्हा?

फक्त पोटरीत किंवा मांडीत, अंतराचा दोन-तृतीयांश भाग संपल्यावर, चढ-उतार किंवा वेग वाढवल्यावर आला असेल, तर तो थकव्याचा गोळा. दहात आठ-नऊ जण इथेच सापडतील असा माझा अंदाज, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यांच्यासाठीच आहे.

दोन्ही पाय, पोट, हाताची बोटं, असे ठिकठिकाणी गोळे, दिवस दमट किंवा कडक उन्हाचा, टी-शर्टवर आणि टोपीवर पांढरे पट्टे, डोळ्यांत घाम चरचरतोय, तर मिठाचा आणि उष्णतेचा संशय धरा.

नेहमी एकाच पायात, एकाच जागी, आणि नंतर तिथे बोटाने दाबलं की तीन दिवस दुखतं? हा बहुधा गोळा नसून बारीक इजा आहे, किंवा जुनी घोट्याची मुरगळ नीट बरी न झाल्याने तो पाय चोरून चाललाय. त्याला फिजिओथेरपिस्टचा हात लागेल, केळ्याने काही होणार नाही.

लाँग रनच्या रात्री झोपेत येणारा गोळा बहुतेक निरुपद्रवी असतो. झोपण्यापूर्वी पोटरी दोन मिनिटं ताणा, पांघरूण पायांवर घट्ट खोचू नका.

वेग: जिथे खरी गोम आहे

समजा ठाण्यातला एक धावक आहे, वय चाळीसच्या पुढे, हाफ मॅरेथॉन (२१.१ किलोमीटर) २ तास १० मिनिटांत. आठवड्यात मंगळवार-गुरुवारी सहा-सहा किलोमीटर, रविवारी येऊरच्या बाजूला लाँग रन. त्याने नेटवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये २:१० टाकलं, फुल मॅरेथॉनसाठी (४२.२ किलोमीटर) उत्तर आलं ४ तास ३१ मिनिटं. म्हणून लक्ष्य ठरलं साडेचार तास, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद.

हे कॅल्क्युलेटर बहुतेक पीट रीगल या अमेरिकन इंजिनिअरच्या सूत्रावर चालतात, त्याने ते १९७७ साली मांडलं. अंतर दुप्पट झालं की वेळ दुप्पट होत नाही, साधारण २.०८५ पट होते, असा त्याचा हिशेब. सूत्र चांगलं आहे. पण त्यात एक अट गृहीत आहे: दोन्ही अंतरांसाठी तुमची तयारी तितकीच पक्की हवी. आठवड्याला चाळीस किलोमीटर धावणाऱ्याची हाफची तयारी पक्की असते, फुलची अर्धवट. अशा माणसाने कॅल्क्युलेटरच्या उत्तरात सरळ पंधरा मिनिटं मिळवावीत. साधारण ४:४५, म्हणजे किलोमीटरला ६:४५. हा एकवीस सेकंदांचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पस्तिसाव्या किलोमीटरला पोटरीला तो किरकोळ वाटत नाही.

आता त्याच्या लाँग रनचा वेग बघा: ७:३०. लाँग रन हळू धावावा हे बरोबरच आहे. पण म्हणजे त्याच्या पोटरीने थकलेल्या अवस्थेत ६:२४ चा वेग आयुष्यात कधी पाहिलेलाच नाही. शर्यतीच्या दिवशी तो पहिल्यांदा दिसतो. त्यात पहाटे पाचच्या सुमाराची हवा, मरीन ड्राइव्हचा सपाट रस्ता, ढोलताशे आणि आजूबाजूची गर्दी, त्यामुळे पहिले दहा किलोमीटर सहाच्या वेगाने उडून जातात. "बँकेत वेळ जमा केला" असं म्हणतात. त्या बँकेचं व्याज पेडर रोडवर कापलं जातं. तिथे पोचेपर्यंत नऊ वाजत आलेले असतात, ऊन चढलेलं असतं, दमटपणा होताच.

तर बदल काय करायचे?

पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या वेगापेक्षा दहा-पंधरा सेकंद हळू. म्हातारे काका पुढे जातील, जाऊ द्या. हे काका बऱ्याचदा कॉम्रेड्स, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली नव्वदेक किलोमीटरची शर्यत, करून आलेले असतात आणि त्यांना माहीत असतं ते काय करतायत.

शर्यतीआधीच्या दहा आठवड्यांत दर दोन आठवड्यांनी एक लाँग रन असा ठेवा की शेवटचा भाग शर्यतीच्या वेगाने होईल. आधी २२ किलोमीटरपैकी शेवटचे ४, मग २५ पैकी ६, मग २८ पैकी ८. थकलेल्या पायांना तो वेग दाखवणं हाच उद्देश. हे जमत नसेल तर लक्ष्य चुकलंय, ते आताच बदला.

आठवड्याचं गणितही बघा. बारा किलोमीटर मधल्या दिवसांत आणि अठ्ठावीस रविवारी, हे आडवं-तिडवं वाटप आहे. लाँग रन आठवड्याच्या एकूण अंतराच्या चाळीस टक्क्यांच्या आत आणायचा प्रयत्न करा. त्यासाठी तो कमी न करता मधल्या दिवसांत भर घाला: एक दिवस वाढवा, किंवा सहाचे नऊ करा. नोकरी, लोकल, मुलांची शाळा सांभाळून ते कसं बसवायचं हा खरा प्रश्न आहे, कबूल. बसतच नसेल तर फुल मॅरेथॉन एक वर्ष पुढे ढकलून हाफ चांगली करणं शहाणपणाचं.

घाट किंवा उड्डाणपूल असलेल्या शर्यतीसाठी तसाच सराव. साताऱ्याला आधी दहा-एक किलोमीटर चढ, मग तितकाच उतार. लोक चढाचा सराव करतात, उताराचा करत नाहीत. उतरताना पुढच्या मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन पेलतो, आणि अशा कामाने तो सगळ्यात जास्त दुखावतो. बरी गोष्ट ही की एकदा उताराचा मार बसून स्नायू सावरला की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराला तो बराच कमी दुखतो. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावरून किंवा जवळच्या कुठल्याही घाटातून एक-दोन वेळा नीट धावत उतरून घ्या. आदल्या आठवड्यात मात्र नको.

पोटरीची परीक्षा

घरच्या जिन्यावर करता येते. पायरीच्या कडेवर एका पायाच्या चवड्यावर उभे राहा, आधाराला कठड्यावर दोन बोटं, गुडघा सरळ. टाच पूर्ण वर, मग पायरीच्या पातळीखाली. दोन सेकंद वर, दोन सेकंद खाली. न थांबता, पूर्ण उंचीचे किती होतात ते मोजा. दुसऱ्या पायाने पुन्हा.

पंचवीसच्या जवळपास व्हायला हवेत. मॅरेथॉन धावणारे अनेक जण चौदा-पंधराला अडकतात आणि थक्क होतात. दोन पायांत पाचपेक्षा जास्त फरक निघाला, तर गोळा कुठल्या पायात येतो ते आठवून पाहा.

पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा, उठून दिसणारा, आणि त्याखाली लपलेला चपटा सोलियस. धावताना एकट्या सोलियसवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. गुडघा सरळ ठेवून टाचा उचलल्या तर दोघांना काम पडतं, गुडघा वाकवून उचलल्या तर भार मुख्यतः सोलियसवर जातो. धावणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि दुसरा प्रकार जवळजवळ कोणीच करत नाही.

आठवड्यातून दोनदा: सरळ गुडघ्याने प्रत्येक पायाचे बारा-पंधराचे तीन फेरे, वाकवलेल्या गुडघ्याने तेवढेच. सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक, सॅकेत तांदूळ. पाच किलोपासून सुरू करा. याशिवाय एका पायावरचं स्क्वॉट, म्हणजे उठाबशी, आणि पूल, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलणं. कारण नितंबांचे स्नायू आळशी असले की त्यांचं काम पोटरी आणि मांडीची मागची बाजू करते. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. जानेवारीची शर्यत असेल तर दिवाळीचा फराळ संपायची वाट बघू नका, गणपतीतच सुरू करा.

नुसत्या स्ट्रेचिंगने गोळे टळतात का? गोळा आल्यावर ताणणं हा उपाय आहे. आधी रोज ताणल्याने तो येत नाही याला भक्कम आधार नाही. आवडत असेल तर करा.

इंधन, आणि शनिवारचा उपवास

साखर संपली की थेट गोळा येतो असं नाही. पण स्नायूतला साठा आटला की स्नायू लवकर थकतो, आणि थकला की गोळ्याचं दार उघडतं.

शरीरात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदकं स्नायूंत आणि ८०-१०० ग्रॅम यकृतात असतात. सगळं मिळून दोन हजार कॅलरींच्या आसपास. ६५ किलोच्या माणसाला मॅरेथॉनला अंदाजे २७०० कॅलरी लागतात. चरबीतून काही भाग निघतो, तरी शेवटचे दहा किलोमीटर उधारीवर चालतात.

आपल्याकडे याला एक खास कारण जोडलं जातं, ज्याचा उल्लेख परदेशी प्लॅनमध्ये सापडणार नाही. लाँग रन रविवारी, आणि मारुतीचा किंवा शनीचा उपवास शनिवारी. दिवसभर चहा, मूठभर शेंगदाणे, रात्री वरण-भाताचा एक घास, आणि पहाटे चार वाजता अठ्ठावीस किलोमीटर. मग महिनोन्‌महिने "माझ्या पायात ताकदच नाही" असं वाटत राहतं. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण उपवासाच्या पदार्थांत कर्बोदकांची चंगळ आहे, ती वापरा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात. खिचडीत शेंगदाण्याचं कूट आणि तूप जरा आवरा, सोबत उकडलेलं रताळं, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू, केळी. निर्जळी किंवा एकभुक्त असाल तर लाँग रन दुसऱ्या दिवशी घ्या.

शर्यतीआधीच्या दीड-दोन दिवसांत दर किलो वजनामागे रोज ८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, म्हणजे ६५ किलोला ५०० ग्रॅमच्या आगेमागे. भात, पोहे, इडली, पोळी-गूळ. उसळी, पालेभाज्या, कोशिंबिरी त्या दोन दिवसांत कमी, नाहीतर पहाटेच्या फिरत्या शौचालयाच्या रांगेत तुमचा नंबर ठरलेला.

धावताना तासाला ४० ते ६० ग्रॅम. एका जेलमध्ये, म्हणजे धावपटूंसाठीच्या गोड पाकाच्या छोट्या पाकिटात, साधारण २० ते २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन. देशी पर्याय हवा असेल तर दहा ग्रॅम गुळातून नऊ ग्रॅम मिळतात. मध्यम खजुरातून सहाच्या आसपास, म्हणजे तासाला सात-आठ खजूर चावत धावणं, जे दुसऱ्या तासानंतर कंटाळवाणं होतं. साखर-मिठाचं पाणी आणि जेल यांचा मेळ सोपा पडतो. जे काय कराल ते लाँग रनमध्ये आधी करून बघा. आणि पहिलं खाणं चाळिसाव्या मिनिटाला. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

केळं चांगलं, पण पोटॅशियमसाठी नाही. घामातून पोटॅशियम फार थोडं जातं, आणि केळ्यातलं रक्तात पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. केळं खा ते कर्बोदकांसाठी.

पाणी आणि मीठ, आता

घामाची मोजणी करा. काट्यावर कमीत कमी कपड्यांत वजन, तासभर शर्यतीच्या वेगाने धावा, घाम पुसून पुन्हा वजन. ६८.० चे ६७.१ झाले आणि मध्ये ३०० मिली पाणी प्यायलात, तर तासाला १.२ लिटर घाम. हे थंडीत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात वेगवेगळं करा, आकडे वेगळे येतील. गेलेला सगळा घाम भरून काढायचा नसतो. वजनाच्या दोन-तीन टक्के घट चालते. तहान लागेल तसं पिणं बहुतेकांना पुरतं.

वजन वाढलं तर मात्र धोका. बोस्टन मॅरेथॉन २००२ मध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यांपैकी १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य पातळीच्या खाली होतं. कारणांत सगळ्यात ठळक होतं धावताना वजन वाढणं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी पिणं. चार तासांहून जास्त वेळ लागणाऱ्यांत हे जास्त दिसलं. वेगवान धावपटूला प्यायला वेळच नसतो. सहा तास घेणारा हौशी धावक प्रत्येक टेबलावर थांबतो आणि प्रेमाने दिलेली प्रत्येक बाटली संपवतो. गोळा आला म्हणून लिटरभर पाणी गटागटा पिणं हा यातला सगळ्यात वाईट सल्ला.

घामात सोडियम लिटरला सरासरी एक ग्रॅमच्या आसपास, पण माणसामाणसांत कितीतरी पट फरक. कपड्यांवर पांढरे पट्टे उमटणाऱ्यांनी तासाला ३०० ते ६०० मिलिग्रॅम सोडियम घेऊन बघावं. घरी करायचं तर अर्धा लिटर पाण्यात पाव चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, एक लिंबू. यात साधारण ५००-६०० मिलिग्रॅम सोडियम आणि तीसेक ग्रॅम साखर. कोकम घातलं तर चव छान येते.

दुकानातून ओआरएस घेताना पाकीट वाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पुडीत लिटरमागे ७५ मिलिमोल सोडियम असतं, म्हणजे १७०० मिलिग्रॅमच्या वर. टेट्रापॅकमधली अनेक गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएस हे नाव लावून विकली गेली, त्यांत साखर भरपूर आणि सोडियम नावापुरतं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. घरात जुना साठा असेल तर मुलांना द्या, लाँग रनला नेऊ नका. खरंतर मुलांनाही देऊ नका.

मॅग्नेशियमबद्दल: व्यायामात येणाऱ्या गोळ्यांवर ते काम करतं याचा चांगला पुरावा नाही. पोट मात्र सैल करतं.

डॉक्टरकडे कधी

रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल, तर पायात येणाऱ्या गोळ्यांचं मूळ तिथे असू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका. धावता किती आणि त्रास कधी होतो हे डॉक्टरांना सांगा. शर्यतीआधी वेदनाशामक घेऊन धावायची सवय असेल तर ती मोडा, घाम गेलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर येते.

शर्यतीनंतर लघवी कोलाच्या रंगाची झाली, स्नायू दगडासारखे सुजले, तर त्याच दिवशी रुग्णालय. स्नायू मोठ्या प्रमाणात तुटल्याची ती खूण असते. धावताना गोळ्यांसोबत गोंधळल्यासारखं वागणं, उलट्या, डोकं ठणकणं दिसलं, तर पाणी पाजत बसू नका, वैद्यकीय तंबू गाठा. एकच पोटरी सुजलेली, गरम, सतत दुखणारी असेल, विशेषतः लांबच्या बस किंवा विमान प्रवासानंतर, तर रक्ताची गुठळी नाही ना हे आधी बघून घ्या आणि तोवर मालिश करू नका. आणि धावायला लागण्याआधीच, नुसतं पाचशे मीटर चाललं की पोटरी आवळते आणि थांबलं की दोन मिनिटांत मोकळी होते, असं मधुमेह असलेल्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या माणसाला होत असेल, तर तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न आहे. त्यासाठी पायाची डॉप्लर तपासणी करतात.